छोट्या लाइनचा आवाज

रेल्वेची एखादी लाइन बंद होते किंवा रुंद होते तेव्हा मागं बरंच काही उरतं. स्टेशनच्या इमारती राहतात, पुलांचे दगडी खांब राहतात, फोटो राहतात, एखादं इंजिन रंगवून स्टेशनबाहेर चबुतऱ्यावर उभं केलं जातं. उरत नाही तो आवाज. आमच्या भागात मीटरगेजचं असंच झालं. परभणी, पूर्णा, हिंगोली, वाशीम या पट्ट्यात तिला कुणी मीटरगेज म्हणत नसे. ती ‘छोटी लाइन’. तिच्यावर धावलेल्या डिझेल इंजिनाचा आवाज एका वीतभर लांबीच्या मॉडेलमध्ये बसवण्याचं काम दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. त्या कामाविषयी हे लिहितोय.

मी राहतो येलदरी कॅम्पला. इथं पूर्णा नदीवरचं धरण आहे, वीजघर आहे, रेल्वे मात्र नाही. गाडीत बसायचं तर आधी जिंतूर, मग परभणी गाठावी लागते. माझं मोबाइल-दुरुस्तीचं दुकान आहे. बारीक टोकाची सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि भिंगाचा दिवा ही माझी रोजची हत्यारं. म्हणून रियाधला असलेल्या माझ्या खालाजाद भाईनं, म्हणजे भाईजाननं, फोन करून विचारलं, “इंजनमें आवाज डालना है, करता क्या?” तेव्हा मी हो म्हणालो.

इंजिन त्याच्या अब्बांसाठी होतं. आमचे खालू पूर्णा जंक्शनला ड्रायव्हर होते. क्लीनर म्हणून लागले, फायरमन झाले, कोळशाच्या इंजिनावरून डिझेलवर आले आणि ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. सगळी नोकरी छोट्या लाइनवर. आता वय ऐंशीच्या पुढं. भाईजानला त्यांच्या घरात त्यांचं इंजिन उभं करायचं होतं, तेही मुकं नाही.

ही लाइन आपली कोण?

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडं मागं जायला हवं. हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज निजामाच्या काळातली, विसाव्या शतकाच्या तोंडावरची. पुढं पूर्ण्याहून हिंगोलीला फाटा निघाला. स्वातंत्र्यानंतर तो खंडव्यापर्यंत जोडला गेला आणि दक्षिणेची मीटरगेज उत्तरेच्या मीटरगेजला मिळाली. या जोडणीमुळं पूर्णा हे एरवी लहानसं गाव मोठं जंक्शन झालं. निजामाच्या रेल्वेपासूनच आमच्याकडच्या कित्येक घरांत कुणी फिटर, कुणी गँगमन, कुणी खलाशी होता. शेती नसलेल्या मुसलमान कुटुंबांना रेल्वेची नोकरी म्हणजे पक्कं छप्पर आणि पोरांची शाळा.

याच लाइनवरून मीनाक्षी एक्स्प्रेस जायची. पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला, मग सातपुडा ओलांडून खंडवा, तिथून महू, इंदूर, रतलाम, चित्तौड आणि अजमेर, शेवट जयपूर. मराठवाड्यातल्या मुसलमानांसाठी ती गाडी बदलल्याशिवाय ख्वाजासाहेबांच्या दारात नेणारी गाडी होती. रजबचा चाँद दिसायच्या आधी पूर्ण्याच्या फलाटावर वळकट्या, स्टोव्ह, रोट्यांचे डबे आणि हिरव्या चादरींची बोचकी घेऊन लोक बसलेले असत. मीही लहानपणी नानीसोबत तिच्यातून गेलो आहे. अजमेरचं जेवढं आठवतं त्याहून जास्त आठवते ती रात्र, घाटात गाडी हळू झालेली आणि पुढून इंजिनाचा येणारा एकसारखा ठोका.

मनमाड-परभणीकडची लाइन १९९० च्या दशकात रुंद झाली. पूर्णा-अकोला २००८ मध्ये. अकोल्याच्या पुढचा मेळघाटातला तुकडा त्यानंतरही काही वर्षं छोट्या लाइनवर तग धरून होता, तोही थांबला. लाइन रुंद झाल्यानं सोय झाली, डबे मोठे झाले, गाड्या वाढल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण आवाजासकट ती लाइन गेली.

डिकोडर म्हणजे काय

मॉडेल रेल्वे हा आपल्याकडे फार लोकांचा छंद नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून आहे; बहुतेक मराठी पोरांनी हा प्रकार पहिल्यांदा तिथंच पाहिलेला असतो. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७. या मापात मीटरगेजचे रूळ साडेअकरा मिलिमीटर येतात, व्यवहारात बारा धरतात.

जुन्या पद्धतीत रुळांना जेवढा व्होल्टेज द्याल तेवढं इंजिन पळतं. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच पळणार. शिवाय उभ्या इंजिनाला वीजच मिळत नसल्यानं त्याचा दिवा लागत नाही, आवाज येणं तर दूरच. डिजिटल पद्धतीत, म्हणजे डीसीसीमध्ये, रुळांत कायम पंधराएक व्होल्ट खेळते असतात आणि त्याच विजेतून हुकूम पाठवले जातात. विजेची दिशा सतत उलटसुलट होते. अर्धी फेरी ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’, शंभर किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. या एक-शून्यांतून पत्ता आणि हुकूम तयार होतो. जर्मनीच्या लेन्झ कंपनीनं हे काम १९८० च्या दशकात केलं आणि पुढं अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं त्याचं प्रमाण ठरवलं, म्हणून आज वेगवेगळ्या कंपन्यांचे डिकोडर एका रुळावर चालतात.

गावातल्या उदाहरणानं सांगतो. मशिदीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा होतो, अमुक माणसानं यावं. ऐकतो सगळा गाव, पण ज्याचं नाव आहे तोच उठतो. इंजिनाच्या पोटात बसवलेला डिकोडर तसा असतो. स्वतःचा पत्ता पुकारला की तो मोटर फिरवतो, दिवा लावतो, आणि साउंड डिकोडर असेल तर आपल्या चिपमध्ये साठवलेला आवाज वेगाप्रमाणे वाजवतो. इंजिन उभं असलं तरी वीज मिळत असल्यानं ते उभ्या जागी घुरघुरत राहू शकतं. खऱ्या डिझेलसारखंच.

बसवण्याचं काम

खालूंचं इंजिन वायडीएम-४. अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून १९६० च्या दशकात हे इंजिन आलं, मग वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनू लागलं. देशभरातल्या छोट्या लाइनवर डिझेल म्हणजे मुख्यतः हेच. एका टोकाला केबिन, पुढं लांब अरुंद नाक, खाली सहा-सहा चाकांच्या दोन बोग्या. मॉडेलचा सांगाडा पुण्याच्या एका ओळखीच्या छांदिष्टानं थ्रीडी प्रिंट करून दिला. चासी मिळाली टीटी मापाच्या, म्हणजे १:१२० च्या, एका जुन्या जर्मन डिझेलची. तिचे रूळही बारा मिलिमीटरचेच आणि बोग्याही सहा-सहा चाकांच्या, त्यामुळं लांबी जवळपास जमली.

डिकोडर साधारण ३० बाय १५ मिलिमीटरचा, किंमत दहा हजारांच्या आसपास. दुकानात एवढा महाग सुटा भाग मी क्वचितच हातात धरतो, म्हणून काम सावकाश केलं. या कामात पहिला नियम एकच. मोटरचं कुठलंही टोक चासीच्या धातूला टेकलेलं असता कामा नये. जुन्या मॉडेलमध्ये एक ब्रश सरळ धातूच्या सांगाड्यावर बसवलेला असतो, कारण तेव्हा रुळाची वीज थेट मोटरला जायची. डिकोडर लावल्यावर तसंच राहिलं तर रुळाची वीज मोटरच्या बाजूनं उलटी डिकोडरमध्ये शिरते आणि तो क्षणात जळतो. म्हणून ब्रशखाली प्लास्टिकची चकती घातली, जुन्या तारा काढल्या आणि मल्टिमीटरवर तपासलं. ब्रश आणि चासी यांच्यात मीटरनं ‘बीप’ केलं नाही, तेव्हाच पुढं गेलो.

मग तारा. त्यांचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला, नारिंगी आणि करडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन तार. एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर लागतोच. जोड झाकायला काळी चिकटपट्टी वापरू नये, गरम होऊन तिचा डिंक पाझरतो; हीट श्रिंक नळी घालावी. रुळावर धूळ असली की वीज क्षणभर तुटते आणि आवाज अडखळतो, म्हणून एक कपॅसिटर जोडला. तो तेवढा क्षण भरून काढतो.

स्पीकर ११ बाय १५ मिलिमीटरचा, स्मार्टफोनमध्ये असतो तसाच. त्याला बंद डबी लागते. स्पीकरचा पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागं ओढतो. डबी नसेल तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. डबी हवाबंद केली की तोच स्पीकर खोलीभर ऐकू येतो.

सगळं झाल्यावर इंजिन आधी प्रोग्रामिंगच्या रुळावर ठेवलं. तिथं करंट इतका कमी असतो की एखादी तार चुकली तरी डिकोडर वाचतो. सीव्ही ८ वाचला, कंपनीचा आकडा बरोबर आला, म्हणजे डिकोडर जिवंत. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या आतले नोंदीचे खाने. इंजिनाच्या नंबराचे चार आकडे त्याचा पत्ता केला. सीव्ही ३ आणि ४ वाढवून ठेवले, त्यामुळं वेग हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. मालगाडीचं इंजिन सशासारखं उडी मारत नाही.

“ये बडी लाइन का है”

डिकोडरमध्ये आवाज आधीच भरून आलेला होता. इंजिन अल्कोचं म्हणून भाईजाननं अल्कोचाच मागवला होता, अमेरिकेत रेकॉर्ड केलेला, इंजिनाची जातही २५१ च. मला ऐकायला झकास वाटला. एका जुम्याला पूर्ण्याला गेलो, नमाजनंतर खालूंच्या पलंगासमोर चार फूट रूळ मांडले आणि इंजिन सुरू केलं.

खालूंनी मान वाकडी करून ऐकलं. हाताचा तळवा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “ये अपनी गाडी नै बेटा. ये बडी लाइन का इंजन है, मनमाड साइडका.”

मी म्हणालो, “खालू, कंपनी वही है. अल्को.”

“कंपनी वही रहेंगी. मगर ये छे का नै, सोला का है.”

त्यांचं म्हणणं हिशेबानं तपासता येतं. मोठ्या लाइनवरचं जुनं डब्ल्यूडीएम-२ सोळा सिलिंडरचं. छोट्या लाइनचं वायडीएम-४ त्याच २५१ जातीचं, पण सहा सिलिंडरचं, एका ओळीत. दोन्ही फोर स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. उभ्या जागी इंजिन मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतं. सहा सिलिंडरचे फेरीला तीन स्फोट, मिनिटाला १२००, सेकंदाला २०. सोळा सिलिंडरचे फेरीला आठ, सेकंदाला ५३. वीस ठोके कानाला जवळजवळ सुटे ऐकू येतात, धक-धक-धक असे. त्रेपन्न ठोके मिसळून त्यांची घरघर होते. अजमेरच्या वाटेवर घाटात मी ऐकलेला ठोका तो होता, सहाचा. अमेरिकेत २५१ म्हटलं की बहुतेक बारा नाहीतर सोळा सिलिंडर. रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी त्यांच्याकडं जे धावत होतं ते जपलं. आपल्याकडं जे धावत होतं ते आपण जपायला हवं होतं. चिपमध्ये काय येतं हे कंपनी ठरवत नाही. कुणीतरी वेळेवर मायक्रोफोन घेऊन रुळाशेजारी उभं राहिलं होतं का, यावर ते ठरतं.

पातालपानीचा घाट

मीनाक्षी ज्या वाटेनं जायची त्यातला एक तुकडा सुदैवानं अजून छोट्या लाइनचा आहे. महूजवळ पातालपानी ते कालाकुंड. २०१८ च्या डिसेंबरपासून त्यावर पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी सुरू झाली आणि तिला इंजिन वायडीएम-४ लागतं. चाळीसला एक असा तो चढ आहे. धबधबा, बोगदे, माकडं, सेल्फी काढणारे लोक. मी तिथं दोन दिवस घालवले.

फोनवर रेकॉर्ड करता येत नाही असं नाही, पण फोन मोठा आवाज आपोआप दाबतो आणि लहान आवाज उचलतो. त्यामुळं इंजिन जवळ आलं काय नि दूर गेलं काय, सारखंच वाटतं. मी हातातला रेकॉर्डर भाड्यानं नेला, आवाजाची पातळी हातानं बांधली आणि वाऱ्यासाठी मायक्रोफोनला केसाळ टोपी घातली. पातालपानीला इंजिन उभं असताना घुरघुर मिळाली. परतीच्या चढावर आठव्या नॉचचा पूर्ण जोर मिळाला. मधल्या नॉच सुटताना आणि कंप्रेसर हवा भरताना मिळाले, ब्रेकची किंचाळी मिळाली.

येलदरीला आल्यावर हे तुकडे कापायला तीन महिने गेले. उभ्या इंजिनाचा आवाज डिकोडरमध्ये एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून करतात. तो तुकडा कुठंही कापला तर दर वेळी जोडाशी ठेच लागते. ४०० फेऱ्यांना सगळे सहा सिलिंडर एकदा पेटून व्हायला ०.३ सेकंद लागतात. म्हणून तुकडा ०.३ च्या पटीतच हवा. मी तीन सेकंदांचा घेतला, दहा पूर्ण चक्रांचा. सहाही सिलिंडर सारखे नसतात, एखादा जरा जोरात ठोकतो. तुकडा बरोबर कापला तरच तो लंगडा ठोका जागच्या जागी येतो.

खालूंनी फोनवरून आणखी एक सांगितलं. हँडल दिलं की गाडी लगेच हलत नाही. आधी इंजिनाचा आवाज जड होतो, धूर निघतो, कपलिंगं ताणली जातात, मग चाक फिरतं. डिकोडरमध्ये तशी सोय आहे. इंजिनाचा आवाज चढेपर्यंत मोटरला थांबवून ठेवता येतं. मी ते केलं.

खालूंचे कान

यात एक अडचण माझ्या हत्यारांनी सुटण्यासारखी नव्हती. चाळीस वर्षं इंजिनाशेजारी काढल्यानं खालूंचे कान गेले आहेत. नांदेडला कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला तेव्हा ४००० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा होता. सतत गोंगाटात काम करणाऱ्यांचे कान तिथूनच खराब व्हायला लागतात. बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, खर्ज राहतो. पण नखाएवढ्या स्पीकरमधून नेमका खर्ज येत नाही. जे खालूंना ऐकू येतं ते स्पीकर वाजवू शकत नाही, आणि स्पीकर जे वाजवतो ते खालूंना ऐकू येत नाही. टेबलावर तळवा का ठेवला होता ते मला तेव्हा कळलं. ते हातानं ऐकत होते.

उपाय डिजिटल पद्धतीतच होता. दोन डिकोडरना एकच पत्ता दिला तर दोघेही एकाच पुकाऱ्याला उठतात. जिंतूरच्या सुताराकडून चार फुटी सागवानी पेटी करून घेतली, तिच्यावर रूळ बसवले, पेटीच्या पोटात चार इंची स्पीकर आणि दुसरा साउंड डिकोडर. दोघांचे सीव्ही ३ आणि ४ सारखे ठेवले, म्हणजे वेगासोबत आवाज एकत्र चढेल. पण दोन डिकोडर एकच घुरघुर वाजवायला लागले की ठोके थोडे मागंपुढं होतात आणि एका इंजिनाची दोन वाटतात. म्हणून कामं वाटून दिली. सहा सिलिंडरचा ठोका आणि हॉर्न पेटीत. टर्बोची शिट्टी, हवेचा फुसकारा आणि ब्रेक इंजिनात. खालूंनी पेटीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, “हौ. अब सही है.” आणि लगेच, “मगर भोंगा?”

साठ मिनिटांची कॅसेट

हॉर्न मीही पातालपानीचाच घातला होता. खालूंच्या मते तो ‘इधरका’ नव्हता. प्रत्येक शेडच्या इंजिनांचे हॉर्न थोडे वेगळे लागायचे, आणि पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीतल्या बायका हॉर्नवरून कोण ड्यूटीवर आलं ते सांगायच्या, असं ते म्हणाले. आता तो हॉर्न कुठून आणायचा?

तो रियाधमध्ये होता. आपल्यातल्या ज्या घरांतून १९८० आणि ९० च्या दशकांत माणसं आखातात गेली त्यांना आठवत असेल, तेव्हा फोन महाग होता आणि लिहिता-वाचता सगळ्यांना येत नव्हतं. घरची माणसं टेपरेकॉर्डरसमोर बसून कॅसेट भरायची आणि जाणाऱ्याच्या हाती पाठवायची. सलाम, खैरियत, कुणाचं लग्न ठरलं, म्हैस व्याली, पैसे मिळाले. माझ्या खालानं भाईजानला अशा अकरा कॅसेटी पाठवल्या होत्या. खाला वारून आता नऊ वर्षं झाली. भाईजाननं कॅसेटी जपून ठेवल्या होत्या, पण ती गेल्यापासून एकही लावली नव्हती. मी हॉर्नचं सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “क्वार्टर तो लाइन के बाजूच था.”

सुट्टीवर येताना तो कॅसेटी घेऊन आला. दोन दिवस आम्ही ऐकत बसलो. ज्या गोष्टीसाठी बसलो होतो ती सातव्या कॅसेटमध्ये मिळाली. खाला बोलतेय, ईदच्या कपड्यांचं काहीतरी. मध्येच म्हणते, “ठहर बेटा, गाडी जाने दे.” आणि थांबते. रुळाशेजारी राहणाऱ्या बायकांची ती सवय. गाडी येतेय कळलं की वाक्य अर्ध्यात धरून ठेवायचं आणि गाडी गेली की तिथूनच पुढं बोलायचं. त्या थांबण्यात गाडी जाते, हॉर्न दोनदा वाजतो, खिडकीची भांडी थरथरतात. मग खाला कपड्यांचं वाक्य पुरं करते. ती थांबली नसती तर हॉर्नवर तिचा आवाज चढला असता आणि मला तो वेगळा काढता आला नसता.

तांत्रिक गोष्ट एवढीच की कॅसेटचा वेग बिघडलेला होता, त्यामुळं हॉर्न पातळ लागत होता. टेपरेकॉर्डर घरच्या विजेवर चालत असल्यानं मागं ५० हर्ट्झची गुणगुण होती. तिच्याशी वेग जुळवला. पण त्या काळी आपली ग्रिड नेमक्या पन्नासवर क्वचितच असायची, म्हणून शेवटचा निवाडा खालूंचा. “और थोडा मोटा,” “बस.” तो हॉर्न आता एफ २ च्या बटणावर आहे.

भाईजानला आणखी एक हवं होतं. डिकोडरमध्ये बटणं भरपूर असतात, बरीच रिकामी राहतात. एकावर खालाचं ते “ठहर बेटा” टाकावं, असं तो म्हणाला. मला जमलं असतं, दहा मिनिटांचं काम. खालूंनी नको म्हटलं. ते चिडले नाहीत, समजावूनही सांगितलं नाही. “इंजन की आवाज इंजन में रैने दे. उसकी आवाज घर में है.” भाईजाननं वाद घातला नाही. त्या अकराही कॅसेटींची मी पूर्ण, न कापलेली प्रत करून दोघांना दिली.

हे सगळं लिहिण्याचं कारण इंजिन नाही. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण कागद शोधतो, सनदा, वक्फच्या नोंदी, नोकरीचे दाखले. ते हवेतच. पण फिटर, फायरमन, विणकर, बागवान यांच्या घरांत कागद कमी आणि आवाज जास्त होते. ते आवाज आखाताच्या पेट्यांत, माळ्यावरच्या टिनाच्या डब्यांत कॅसेटींवर पडून आहेत. टेपला बुरशी लागते, तिचा थर सुटतो. आणखी दहा वर्षांनी त्यांतल्या बऱ्याच वाजणार नाहीत. तुमच्या घरी असतील तर फेकू नका. फार पुढंमागं फिरवू नका, उन्हात आणि चुंबकाजवळ ठेवू नका. आधी संपूर्ण बाजू एका दमात कॉपी करा, साफसफाई नंतर. आणि ऐकताना बोलणाऱ्याच्या मागं काय चाललंय तेही ऐका. मागाची खटखट, बाजारातला पुकारा, जुन्या मशिदीतल्या बांगी साहेबांची अजान, एखादी गाडी.

कॅसेट वाजवायला यंत्र नसेल तर येलदरी कॅम्पला या. माझ्याकडे एक चांगला डेक चालू आहे, बेल्ट नवीन टाकलाय.